कुत्र्यांचा डॉक्टर वैनगंगेपलीकडे

"धरा त्याले! दोर सोडू नका डागतर, दोर सोडला तं कुत्राबी जाते अन् वर्गबी जाते!"

हे ओरडणारे झिंगरूभाऊ, चामोर्शीच्या ढोरांच्या दवाखान्याचे कंपाउंडर. ते स्वतः दवाखान्याच्या ओट्यावर, खांबाला धरून, अगदी सुरक्षित उभे होते. कुत्रा भर बाजारात होता. दोराचं एक टोक कुत्र्याच्या गळ्यात होतं, दुसरं माझ्या मनगटाला, आणि त्या दोहोंमुळे मीही बाजारातच होतो. प्रथम मिरच्यांचा ढीग लागला, मग सुकटीचा, मग मातीच्या मडक्यांची एक रांग. मडकी फुटली नाहीत, कारण कुत्र्याने ती शिताफीने ओलांडली आणि मी कुत्र्याचं अनुकरण केलं. माझं वजन तेव्हा पावणेदोनशे पौंड होतं. चामोर्शीच्या लोकांनी इतका मोठा माणूस इतका उंच उडालेला त्यापूर्वी पाहिला नव्हता, असं मला पुढे चार जणांनी शपथेवर सांगितलं.

आता हे कसं झालं ते सांगितलं पाहिजे, नाही तर पुण्यातले माझे मित्र म्हणतील की मी तिकडे सर्कशीत गेलो होतो.

मी पुण्याच्या कॅम्पात कुत्र्या-मांजरांवर उपचार करतो. हा धंदा करणारी माणसं आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच, आणि त्यातला अंगठा मी, असं माझं मत होतं. नुकतंच राज्यांचं वाटप नव्याने होऊन चांदा जिल्हा आमच्या मुंबई राज्यात आला होता. त्याबरोबर तिकडचे गुरांचे डॉक्टरही आले. बैलाची खांदसूज आणि म्हशीचं अडलेलं रेडकू यांत ती मंडळी पटाईत. कुत्र्याचं मात्र त्यांना कुणी धड शिकवलंच नव्हतं. तेव्हा त्यांच्यासाठी दहा दिवसांचा उजळणी वर्ग भरवायचा, अर्धा चामोर्शीला आणि अर्धा धानोऱ्याला, असं ठरलं आणि गुरुजी म्हणून मला पत्र आलं. पत्र वाचून मी आरशासमोर उभा राहिलो आणि बायकोला हाक मारून विचारलं की मी कसा दिसतो. ती म्हणाली, पत्र आलेल्या माणसासारखा.

नावेत

माझ्या ट्रंकेत वर्गाची सगळी सामग्री होती. एक हजार पानांचा इंग्रजी ग्रंथ, ज्यातली वाक्यं मी दहा वर्षं रुग्णांच्या मालकांच्या तोंडावर फेकत आलो होतो. कुत्र्याच्या आतड्याकाळजाचे रंगीत तक्ते. विलायती मासिकांची बांधलेली चळत. क्लोरोफॉर्मची मोठी बाटली. आणि एक अखंड कुत्रा, म्हणजे त्याचा सांगाडा, सुटा करून कापडात गुंडाळलेला.

चांद्याहून गडचिरोलीकडे जाताना वैनगंगा आडवी येते. कार्तिक महिना, पाणी अजून भरपूर. नावेत चढताना ट्रंकेची कडी निसटली आणि कुत्र्याची कवटी गडगडत नावाड्याच्या पायाशी जाऊन थांबली. नावाड्याने कवटी उचलून निरखली आणि हे कुणाचं म्हणून विचारलं. मी सांगितलं, पुण्याच्या एका साहेबाच्या कुत्र्याचं. त्याने ती दोन्ही हातांनी मला परत दिली आणि शेजारी बसलेल्या बाईला म्हणाला की मोठ्या लोकांचं बरं असते, मेल्यावरबी कुत्रं हिंडवून आणतात.

चामोर्शी

वर्गात सात जण होते. सहा जण नम्र होते, वह्या घेऊन आले होते. सातवे डॉक्टर उरकुडे. चामोर्शीचा दवाखाना त्यांचाच. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा माणूस. हात असे की पंजा पसरला तर माझा तक्ता झाकला जावा. ते मागच्या बाकावर तंबाखू मळत बसायचे आणि काही विचारायचे नाहीत. पहिल्या दिवशी मी कुत्र्याच्या आहारावर दोन तास बोललो. दूध किती, मांस किती, पाव कधी द्यावा आणि केव्हा देऊ नये. शेवटी मी विचारलं, काही शंका? उरकुडे म्हणाले, "इथी भाकर माणसालेच सणाले मिळते. आम्ही भात खातो. कुत्रा उरलं ते खाते, न उरलं तं शिकार करते. त्याच्या दुधाचा हिशेब आम्ही कोणाले सांगाचा?"

त्यांनी ते चिडून म्हटलं नव्हतं, हेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी ठरवलं, बोलणं पुरे, करून दाखवू. कापडी पट्टीचं मुसकं कुत्र्याच्या तोंडाला कसं बांधायचं हा विषय. पुण्यात हा प्रयोग मी डोळे मिटून करतो, कारण तिथे कुत्र्याला मालक धरतो, मालकाला नोकर धरतो आणि नोकराला आपल्या नोकरीची काळजी धरून ठेवते. इथे झिंगरूभाऊंनी बाजारातून जो कुत्रा आणला त्याला मालकच नव्हता. तो सबंध चामोर्शीचा होता. मी त्याच्या तोंडाभोवती पट्टीचा एक वेढा दिला, दुसरा दिला, गाठ मारली आणि त्याच क्षणी त्याने वर्ग सोडला. पुढची हकीकत सुरुवातीला आलीच आहे.

परतलो तेव्हा माझ्या डोळ्यांत मिरची होती, टोपी सुकटीत राहिली होती, आणि पट्टीचं मुसकं, हे मी अभिमानाने नमूद करतो, अजून कुत्र्याच्या तोंडावर घट्ट होतं. वर्गातल्या सहा जणांनी ते वहीत टिपून घेतलं. उरकुडे उठले, तांब्याभर पाणी आणून माझे डोळे धुतले आणि म्हणाले, "गाठ चांगली होती. पण इथी कुत्र्याले दोर नाई लागत, मालक लागते. ज्याचा कुत्रा, त्याच्या हातात द्या."

रात्री त्यांच्या घरी जेवलो. जाड्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, तलावातल्या मासळीचा रस्सा आणि जवसाची चटणी. पुण्यात आम्ही भात शेवटी घेतो, चवीपुरता, जणू त्याच्यावर उपकार करतो. इथे भाताने सुरुवात, भातानेच मध्य आणि शेवटीही भातच. मी चार वेळा घेतला. उरकुड्यांच्या कुटुंबाने पाचव्यांदा वाढायला आणलं तेव्हा मी नको म्हणालो, तर त्यांनी नवऱ्याला विचारलं की डॉक्टरसाहेब आजारी आहेत का.

धानोऱ्याची वाट

गडचिरोलीपर्यंत लॉरीने गेलो आणि पुढे दोन बैलबंड्या. सागाचं, मोहाचं, येनाचं जंगल इतकं दाट की पुण्यातल्या सगळ्या बागा एका बाजूने आत घातल्या तर दुसऱ्या बाजूने पान हलणार नाही. एका नाल्यात बंडीचं चाक दगडावर चढलं आणि धाडकन खाली आलं. ट्रंकेतून काच फुटल्याचा आवाज झाला आणि लगेच गोडसर वास सुटला. क्लोरोफॉर्मची बाटली गेली.

पुढे जे झालं त्यावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो. प्रथम मला डुलकी लागली. मग झिंगरूभाऊ माझ्या खांद्यावर कलंडले. डावा बैल चालता चालता थांबला, त्याने डोळे मिटले आणि एक जांभई दिली. बंडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं म्हणणं असं की तो बैल त्या नाल्यात रोजच थांबतो आणि जांभई हा त्याचा स्वभाव आहे. पण धुरकरी हा शास्त्र शिकलेला माणूस नव्हे.

उरकुडे दुसऱ्या बंडीतून उतरून आले, ट्रंक उघडली, काचा वेचून काढल्या आणि ग्रंथ उन्हात पालथा घातला. आता कुत्र्याला गुंगी कशाने देणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, धानोऱ्यात कोणतं कुत्रं माझ्याकडे ऑपरेशनला येणार आहे?

मंगलीबाई

ते दुसऱ्याच दिवशी सकाळी आलं.

धानोऱ्यात आमचा वर्ग मोहफुलं आणि हिरडा साठवायच्या एका रिकाम्या गोदामात भरत होता. तिथला वास असा की एक तास शिकवलं की दोन पेले घेतल्यासारखं वाटावं. मी दातांवर बोलत होतो. दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर मोठी टोपली, तिच्यावर ओलं फडकं. तिने टोपली उतरवली, फडकं बाजूला केलं. आत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक कुत्रा होता. मांडीच्या वर, कुशीत वीतभर फाटलेलं आणि त्यातून आतड्याचं वेटोळं बाहेर आलेलं. कुत्रा ओरडत नव्हता. नुसता तिच्याकडे पाहत होता.

झिंगरूभाऊंना गोंडी येत होती. त्यांनी विचारून आम्हाला सांगितलं. बाईचं नाव मंगली उसेंडी, गाव कोसभर आत. नवरा लाकूडतोडीला अल्लापल्लीच्या बाजूला गेलेला, घरी म्हातारा सासरा. धान कापून झालं होतं, कापलेल्या मुठींच्या ओळी, म्हणजे कडपा, शेतात वाळत पडल्या होत्या आणि रानडुकरं रोज येत होती. हा कुत्रा, चितऱ्या, एकटा त्यांना आडवा जायचा. काल संध्याकाळी एका सुळेवाल्याने त्याला उचललं. कुत्रा गेला तर कडपा जातील, कडपा गेल्या तर वर्षाचा भात गेला. ढोरांचे सात डॉक्टर एका जागी आलेत असं तिने ऐकलं होतं. सातांपैकी एकाला तरी येत असेल, असा तिचा हिशेब होता.

आता मी तुम्हाला खरं सांगतो, कारण खोटं मी पुरेसं सांगितलं आहे. असा फाटलेला कुत्रा मी पुण्यात दोनदा शिवला होता. हात माझा चांगला आहे. पण क्लोरोफॉर्मशिवाय मी कुत्र्याच्या पोटाला कधी सुई लावली नव्हती. जागेपणी शिवायला गेलं तर तो झटके देणार, आतडी आणखी बाहेर येणार आणि टाके सुटून तो आमच्या हातात जाणार. म्हणून मी बोलायला लागलो. पुण्यात असता तर काय केलं असतं, टेबल कसं असतं, दिवे कसे असतात, गुंगी किती थेंबांची. सहा जण लिहीत होते. मंगलीबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

उरकुड्यांनी तंबाखू थुंकली. "ते पुण्यात. इथी काय करता?"

उरकुडे टोपलीपाशी उकिडवे बसले. वेटोळ्याकडे पाहून म्हणाले की आतडं फाटलेलं नाही, रंग ठीक आहे. मग त्यांनी विचारलं, अडलेल्या गाईच्या कण्यात आपण बधिराची सुई देतो, मागचं अंग मरते अन् गाय उभ्याउभ्या रवंथ करते. कुत्र्याले देता येत नाई का तशी?

मी म्हटलं, येत नाही. त्यांनी विचारलं, काऊन? मी म्हटलं, ग्रंथात नाही.

"पाहून सांगता का पाठ आहे म्हणून सांगता?"

झिंगरूभाऊंनी ग्रंथ आणून माझ्यासमोर ठेवला. मी सूची काढली, पानाचा आकडा शोधला, पान उघडायला गेलो आणि ते उघडेना. त्या काळच्या विलायती पुस्तकांत पानं कडेला जोडलेली यायची, ती सुरीने फाडून वाचायची असत. माझ्या ग्रंथातलं ते सबंध प्रकरण कोरं करकरीत, जोडलेलं होतं. दहा वर्षं मी त्या ग्रंथाच्या नावाने पुणं दणाणून सोडलं होतं, आणि सातशे तिसाव्या पानानंतर मी तिकडे पाऊलही टाकलं नव्हतं.

उरकुडे हसले नाहीत. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्याच पेटीतला चाकू घेतला, पानं कापली आणि ग्रंथ मला वाचायला दिला. सगळं होतं तिथे. कमरेच्या दोन हाडांच्या मधली खळी, सुईची लांबी, औषध किती. गाईच्या औषधाचा विसावा हिस्सादेखील नाही. ते औषध उरकुड्यांच्या पिशवीत नेहमी असायचं.

"सांगाडा काढा तुमचा," ते म्हणाले.

मग माझा प्रवासी कुत्रा कामाला आला. मी कणा आणि कमरेची हाडं मोहफुलांच्या फळीवर जुळवली. उरकुड्यांनी डोळे मिटून अंगठ्याने ती खळी चाचपली, एकदा, दोनदा, पाच वेळा. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस आता माझ्या सांगाड्याच्या पाठीवर मुंगी शोधावी तसं बोट फिरवत होता. मग ते जिवंत कुत्र्याकडे वळले.

मी सवयीने मुसक्याची पट्टी काढली. मंगलीबाईने ती बाजूला सारली. जमिनीवर बसून तिने चितऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने झाकलं आणि एका सुरात काही तरी पुटपुटायला लागली. झिंगरूभाऊंना विचारलं, ही काय म्हणते? ते म्हणाले, घरची कामं सांगून राह्यली त्याले, कोंबड्या कुठी आहेत, शेत कसं आहे.

उरकुड्यांनी जागा धुतली, अंगठा खळीत रोवला आणि सुई दिली. मी मनात मोजत होतो. थोड्या वेळाने त्यांनी मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरलं. पाय हलला नाही. पुन्हा जोरात धरलं. नाही. शेपूट ओल्या दोरीसारखी पडली होती. पदराखालून श्वास मात्र नीट चालला होता.

"आता तुमचं," असं म्हणून ते बाजूला सरकले.

आणि वाचकहो, मी शिवला. विनय हा माझा गुण नव्हे, तेव्हा स्पष्टच लिहितो: तसा मी त्याआधी शिवला नव्हता आणि त्यानंतरही नाही. उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्याने वेटोळं धुतलं, बोटाबोटाने आत सरकवलं, आतला पडदा, मग मांस, मग कातडी, तीन थरांत, रेशमी दोऱ्याने. सल्फाची पूड टाकली. माझ्या टाक्यांवरून शिंप्याने खण बेतावेत. वर्गातल्या सहा जणांनी वह्या खाली ठेवल्या होत्या. दिवा धरायला एक, पाणी ओतायला दोन, आणि उरलेले तिघे श्वास रोखायला. मोहाचा वास, गोदामातला भट्टीसारखा उकाडा आणि पदराखाली ती कोंबड्यांची खबरबात. शेवटचा टाका घातला तेव्हा चितऱ्याने शेपटीचं टोक किंचित हलवलं. बधिरपणा उतरू लागला होता. झिंगरूभाऊ गोदामाबाहेर गेले आणि सगळ्या धानोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी बातमी सांगितली.

कडपांवर

त्या दिवसापासून वर्गाची शिस्त उलटी झाली. सकाळी उरकुडे शिकवायचे आणि मी पहिल्या बाकावर वही घेऊन बसायचो. त्यांनी खळी शोधायला प्रत्येकाला लावलं, मला सर्वांत शेवटी. मी चौथ्या खेपेला बरोबर बोट ठेवलं, तर ते म्हणाले, हं. तेवढ्यावर मी दिवसभर शीळ घालत होतो. दुपारी मी टाके शिकवायचो, केळीच्या सालीवर आणि जुन्या कातड्याच्या पखालीवर. ग्रंथाची उरलेली पानं आम्ही सगळ्यांनी मिळून कापली आणि एकेकाने एकेक प्रकरण वाचून दुसऱ्यांना मराठीत सांगायचं असं ठरवलं. मासिकांची चळत मी तिथेच सोडून आलो. सात जणांनी ती सात दवाखान्यांत फिरवायची, वाचली की पुढच्याला पाठवायची. हा ठराव झिंगरूभाऊंनी मांडला. इंग्रजी एक अक्षर येत नसल्यामुळे त्यांच्यावर कुणी पक्षपाताचा आरोप करू शकलं नाही.

संध्याकाळी मात्र आम्ही मंगलीबाईच्या शेतावर असायचो. चितऱ्या झोपडीत, पेज पीत पडलेला. मग राखण करणार कोण? त्या एका कुत्र्याच्या जागी सात सरकारी डॉक्टर आणि एक पुणेकर लागले. आम्ही रिकामे डबे बडवायचो. झिंगरूभाऊ भुंकायचेसुद्धा, आणि इतके हुबेहूब की पलीकडच्या पाड्यातली कुत्री त्यांना उत्तर द्यायची. तो सुळेवाला एकदा बांधावर आला. मी त्याला पाहिला. रेल्वेचं इंजिन रुळावरून उतरून धान खायला आलं तर तसं दिसेल. उरकुडे म्हणतात की तो मध्यम होता. उरकुड्यांची नजर म्हशींवर बसलेली, त्यांना सगळंच मध्यम दिसतं. एकही कडपा गेली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर चितऱ्या अंगणात चार पायांवर उभा होता. थोडा वाकडा, पण उभा. त्याने मला पाहिलं, कान टवकारले आणि माझ्यावर असा भुंकला की मी दोन पावलं मागे गेलो. आयुष्यात तीन हजार कुत्री माझ्यावर भुंकली असतील. इतका आनंद मला एकाही भुंकण्याने झाला नव्हता. सासऱ्याने घरातून मोहाची आणली, पानाच्या द्रोणात. आमच्या पुण्याच्या घरी असलं काही चालत नाही. मी तसं सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि द्रोण माझ्या हातात ठेवला. पाहुण्याला दिलेलं परत घेत नाहीत, अशी तिकडची रीत आहे, आणि परक्या मुलखात रीत मोडू नये, असं माझं फार जुनं मत आहे.

निघायच्या दिवशी टाके तपासले; ते काढायचं काम वर्गातल्या एकाने अंगावर घेतलं. जखम कोरडी, शिवण सरळ. मंगलीबाई खळ्यावर धान पसरत होती, चितऱ्या बांधावर बसून रानाकडे तोंड करून होता. मला भाषण केल्यावाचून राहवलं नाही. झिंगरूभाऊंना मध्ये उभं करून मी तिला सांगितलं की बाई, पुण्यात साहेबांच्या कुत्र्याला शिंक आली तरी डॉक्टर बोलावतात, त्यांना गाद्या असतात, थंडीचे कोट असतात, वाढदिवस असतात. पण पोट असं फाटून, शिवून घेऊन चौथ्या दिवशी कामावर उभा राहिलेला कुत्रा मी अख्ख्या पुण्यात पाहिला नाही.

झिंगरूभाऊंनी ते सगळं गोंडीत सांगितलं, बहुधा थोडं वाढवूनच, कारण माझ्यापेक्षा त्यांना जास्त वेळ लागला. मंगलीबाईने हातातलं धान खाली टाकलं, पायाने सारखं केलं आणि झिंगरूभाऊंची वाट न पाहता मराठीतच मला म्हणाली,

"तिथी डुकरं नसतीन."